घरोघरी जादू असलेल्या गावात मजुरीचे काय होईल?

प्रश्न: माझ्या काल्पनिक कथेतील गाव यवतमाळकडच्या कापूसपट्ट्यातले असून तेथील बहुतेक बायकांना फुंकणीशिवाय चूल पेटवण्याइतकी आणि भरलेला हंडा विहिरीवरून आपोआप घरी आणण्याइतकी जादू येते. अशा गावातले व्यवहार कसे बदलतील?

उत्तर 1: पाणी भरण्याचा वेळ वाचला म्हणून बाईला विसावा मिळेल असे मला वाटत नाही, तो वेळ निंदणाकडे आणि वेचणीकडे वळवला जाईल. वेचणीची मजुरी बहुधा किलोवर ठरते, त्यामुळे ज्या हंगामात बोंडातला कापूस हात न लावता ओटीत येऊ लागेल, त्याच हंगामात मालक किलोचा भाव पाडेल. नखांजवळची कातडी तेवढी सोलायची थांबेल, हेही काही कमी नाही.

उत्तर 2: विहिरीवरची गर्दी मोडली, तर सासुरवाशिणींनी मन मोकळे करायचे कोठे, याचाही विचार करावा.

उत्तर 3: करणीचा आळ कोणावर येईल, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशा आळांना बळी पडणाऱ्यांसाठीही. परंतु आपल्या गावात जिला जादू येत नाही, तीच संशयित ठरेल, आणि ती एकटी राहणारी असेल तर तिच्या शेजारचे आधी हंडे झाकून ठेवू लागतील.