आपत्ती आराखड्यात मानसिक आरोग्याला वेगळा निधी हवा की नको?

शिरोळकर
काल इथे एकांनी लिहिलं, "जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात मानसिक आरोग्यासाठी वेगळा निधी मागणं ही उधळपट्टी आहे. आधी बोटी आणि लाइफ जॅकेट घ्या. पूर ओसरला की समुपदेशक बोलावता येतात." राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या, वर गेली की नदीकाठची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी छावणीत येतात. औषधांची पिशवी घरीच राहते. त्या पिशवीत कुणाचं लिथियम असतं, कुणाचं क्लोझापिन (दोन्ही गंभीर मानसिक आजारांवरची औषधं), कुणाची फिटची गोळी. क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त चुकलं तर जुना डोस एकदम देता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं. फिटची गोळी अचानक तुटली तर छावणीतच झटके येतात. लिथियमचं तर उलटंच. जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की ते रक्तात साठतं. हात थरथरतात, तोल जातो, आणि बघणारे म्हणतात, घाबरलाय बिचारा. पूर ओसरल्यावर आलेला समुपदेशक यातलं काय निस्तरणार?

मागणी फार मोठी नाही. मे महिन्यात प्रत्येक आरोग्य केंद्रात नियमित गोळ्या घेणाऱ्यांची यादी तयार हवी. पूररेषेच्या वर ३० दिवसांचा जादा साठा हवा. आणि प्रत्येक रुग्णाच्या हातात डोसची चिठ्ठी, प्लास्टिकमध्ये बंद केलेली. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१–२६ साठी राज्य आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीतले १० टक्के पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीला राखले होते. मागायचं ते याच शीर्षाखाली.

कागदवाला
यादी आणि चिठ्ठी मान्य. वेगळा निधी अमान्य.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ता ही पदं मंजूर असतात, बहुतेक कंत्राटी. पद रिकामं राहिलं की त्याचा पैसा तसाच पडून राहतो. त्यावर आणखी एक लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशोबातलं खर्चाचं वेगळं खातं, उघडून काय होणार? एकच गोळी दोन शीर्षांतून घेतली की लेखापरीक्षणात आक्षेप येतो. म्हणून अधिकारी औषधाला हात लावत नाहीत आणि पैसा 'प्रशिक्षणा'वर टाकतात. बॅनर, फोल्डर, जेवण, हजेरीपट, फोटो, उपयोगिता प्रमाणपत्र. पुढच्या जुलैपर्यंत प्रशिक्षण घेतलेल्या निम्म्या लोकांची बदली झालेली असते. आधी पदं भरा.

नाडीपरीक्षा
तुम्ही दोघांनीही छावणीतली पहिली आणीबाणी सोडून दिलीत. ती असते दारू तुटलेला माणूस. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर आणि घाम. १२ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, ताप, ओळख सुटणं. हा माणूस मरू शकतो. लोक त्याला वेडा म्हणून खांबाला बांधतात.

लागतं काय? थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन, तेही ग्लुकोज लावण्याच्या आधी. क्लोरडायझेपॉक्साइड, आणि यकृत खराब असेल तर त्याऐवजी लोराझेपाम; दोन्ही झोपेच्या गोळ्यांच्याच गटातली. लोराझेपामचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणजे फ्रिज आला आणि वीज गेल्यावर जनरेटरही आला. छावणीच्या औषधयादीत ओआरएस आणि पॅरासिटामॉल असतं, यातलं काही नसतं.

पंचगंगाकाठ
म्हणजे पूरग्रस्तांच्या पैशातून दारुड्यांची सोय? ज्यांचा ऊस आणि जनावरं गेली त्यांचं काय? शिवाय आपत्तीनंतर झोपेच्या गोळ्या वाटू नयेत असं तज्ज्ञच सांगतात.

नाडीपरीक्षा
दोन गोष्टींची खिचडी करू नका. शोकानं झोप उडालेल्या माणसाला पहिल्या महिन्यात या गोळ्या देऊ नयेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ची शिफारस आहे आणि ती बरोबर आहे. दारू तुटलेल्याला त्या न देणं हा निष्काळजीपणा आहे. आणि ज्याचा ऊस गेला आणि जो पितो, तो बऱ्याचदा एकच माणूस असतो. त्याला दारुडा म्हणून बाजूला काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

पंचगंगाकाठ
अधिकाराची भाषा माझ्याशी नको. छावणीत बायका-पोरं झोपलेली असतात. या गोळ्यांच्या कपाटाची चावी कुणाकडे असणार, ते आधी सांगा.

रायगडी
चावीवर जरूर भांडा, पण तुमचा सगळा हिशोब पुराचा आहे. पुरात पाणी चढताना दिसतं. आमच्या रायगड जिल्ह्यात दरड कोसळली तेव्हा, तळीयेत २२ जुलै २०२१ला आणि इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३च्या रात्री, डोंगरानं वेळच दिला नाही. इर्शाळवाडीत शोध थांबवला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. 'आता शोध थांबवतोय' हे त्या घरच्यांना कुणी, कुठे बसवून, कोणत्या शब्दांत सांगायचं, हा नियोजनाचा भाग आहे. मृतदेहाची ओळख पटवताना नातेवाइकाशेजारी एक माणूस, आधी सांगून ठेवणं की काय दिसणार आहे, बाहेर आल्यावर बसायला जागा आणि पाणी. आणि सगळ्यांना गोल बसवून त्या रात्रीचं वर्णन करायला लावणं पूर्ण बंद. त्यानं त्रास वाढू शकतो.

हे आशाताई, पोलीस पाटील आणि तलाठी करू शकतात. पाहा, ऐका, योग्य ठिकाणी जोडून द्या, एवढंच. एक दिवस पुरतो, पण दर वर्षी. त्यामुळे कागदवाला, प्रशिक्षण सरसकट उडवू नका. स्थानिक संस्थांवर सोडून द्या असंही कुणी म्हणू नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणारी मोठी संस्था तो पैसा गावातल्या छोट्या संस्थेला पुढे देऊच शकत नाही.

कागदवाला
बरं. बदली होणाऱ्यांना वगळून गावातच राहणाऱ्यांना शिकवणार असाल तर प्रशिक्षणावरचा माझा आक्षेप मागे. वेगळ्या लेखाशीर्षावरचा कायम. आपत्ती कायद्याच्या कलम ३१ नुसार जिल्हा आराखड्याचा दर वर्षी आढावा घ्यावाच लागतो. त्यात तीनच ओळी टाका: जादा साठा, यादी आणि चिठ्ठ्या, गावपातळीवरचं एक दिवसाचं प्रशिक्षण. औषध नेहमीच्या खरेदीतून घ्या, आपत्ती निधीतून फक्त वाढीव प्रमाण. मग दुबार खर्चाचा मुद्दा येत नाही. टिपणी एप्रिलमध्ये जायला हवी. जूनमध्ये गेली तर गोळ्या दिवाळीला येतील.

शिरोळकर
वेगळं शीर्ष सोडतो. तीन ओळी चालतील, पण चौथी हवी: थायमिन आणि फ्रिज. तिच्याशिवाय मी सही करणार नाही.

नाडीपरीक्षा
पंचगंगाकाठ, चावी पाळीवरच्या परिचारिकेकडे. प्रत्येक गोळीमागे नोंदवहीत दोन सह्या, रिकामी पाकिटं मोजून परत.

पंचगंगाकाठ
आणि रात्रपाळीला परिचारिकाच नसेल तर? हे लिहा, मग चौथ्या ओळीबद्दल बोलू.