मदत हवी आहे: पणजीचं माहेर कसं शोधायचं? (गाव कोयनेच्या पाण्यात गेलेलं)

माझ्या पणजीचं, म्हणजे आजोबांच्या आईचं, माहेर शोधते आहे. महसुली कागदपत्रं किंवा कोयना पुनर्वसनाची माहिती असणाऱ्यांनी कृपया वाट दाखवावी.

सासर वाई तालुक्यात. आजोबांचे थोरले भाऊ १९३८ चे, म्हणजे लग्न त्याआधी दोन-तीन वर्षं झालं असावं. पणजी १९८६ साली गेली. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. माहेर जावळीत, बामणोलीच्या अंगाला, एवढंच घरात सांगतात. गावाचं नाव मात्र जो तो वेगळं सांगतो. धरण झालं तेव्हा ते गाव उठलं आणि तिचे भाऊ कुठे गेले ते कोणालाच नीट ठाऊक नाही. एक आत्याआजी ठाण्याकडे म्हणते, दुसरी सोलापूरकडे. कोयनेची माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी पार पांगली, त्यामुळे दोघींचंही खरं असू शकेल.

आमच्या घराण्याची वंशावळ तयार आहे. काकांनी जातीच्या दाखल्यासाठी काढून घेतली होती. तिच्यात एकाही बाईचं नाव नाही. नवरा ऐन तरुणपणी गेल्यावर जिने दुसऱ्यांची रानं खंडाने कसली आणि चार पोरं वाढवली, ती बाई कोणाची लेक होती हे आमच्या घरात लिहिलेलं नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

कागद पाहिले. पणजोबांच्या वारसाच्या फेरफारात (जमिनीच्या नावबदलाच्या नोंदीत) तिचं नाव आहे, पण नवऱ्याच्या नावासकट. मृत्यूच्या नोंदीत तेच, रेशनकार्डावर तेच. लग्नात नावही बदललेलं. तिचं लग्नाआधीचं नाव थोरल्या आत्याआजीला आठवतं. तिला पणजीच्या जात्यावरच्या ओव्याही येतात आणि मला आतापर्यंत सगळ्यात जास्त माहिती त्यांतूनच मिळाली: दोन भावांची नावं आणि पर्वत गावच्या मल्लिकार्जुनाचं नाव. मी त्या सगळ्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत.

आता विचारायचं आहे ते असं. बुडालेल्या गावांचं दप्तर कुठे पाहायला मिळतं? आणि गावाच्या नावाचीच खात्री नसेल तर सुरुवात कुठून करायची? आडनाव आणि भावांची नावं इथे उघड लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केल्यास कळवीन.

प्रतिसाद १

ताई, मी महसूल खात्यात होतो. तुम्ही पणजींच्या नावाने शोधताय, तसं सापडणं कठीण. त्यांच्या पहिल्या मुलाच्या नावाने शोधा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. थोरले आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा, त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. काही गुरुजी सरसकट शाळेचंच गाव लिहीत, तसं निघालं तर निराश होऊ नका. पण दुसरं गाव दिसलं तर ते बहुतेक माहेरच.

गाव कळलं की त्या गावचा नमुना नंबर १४ शोधा. ही जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करून पाहायला मिळते. मुलाच्या जन्माची नोंद आजोळच्या गावात निघाली तर खात्री पटली.

आणखी एक. पणजींचे वडील १७ जून १९५६ नंतर वारले असतील तर हिंदू वारसा कायद्याने लेकीही वारस झाल्या. मग फेरफारात तरी बहिणींची नावं येतात, नाहीतर त्यांनी भावांना हक्कसोड पत्र करून दिलेलं असतं. बाईचं माहेर कागदावर दिसतं ते बहुतेक तिने हक्क सोडला तिथेच. वाचायला बरं वाटत नाही, पण शोधायला उपयोगी आहे.

प्रतिसाद २

आमचंही गाव पाण्यात गेलं. आजोबा रायगडात आले. भूसंपादनाचा निवाडा आणि संकलन रजिस्टर या दोन गोष्टी बघा. निवाड्यात कोणाची किती जमीन गेली ते खातेदारवार असतं. संकलन रजिस्टरसाठी जिल्हा पुनर्वसन कार्यालयात विचारा, खातेदाराला पर्यायी जमीन कुठे दिली ते त्यावरून कळतं. तुमच्याकडे दोन भावांची नावं आहेत, तेवढी या कामाला पुरतात.

कागदाआधी माणसं गाठा मात्र. आमच्याकडच्या बहुतेक गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळं आहेत, कारण घरटी एक माणूस गिरणीत नाहीतर माथाडीत होता. वर्गणीच्या जुन्या वह्या त्यांच्याकडे असतात. गाव बुडालं तरी मंडळ चालू आहे, असंही आहे. आणि ओवीत पर्वतचा देव येत असेल तर बामणोलीवर अडकून राहू नका, पाण्याच्या पश्चिमेची, कांदाटीकडची गावं आधी घ्या. पूर्वी सासरची माणसं त्या सगळ्याच मुलखाला एका मोठ्या गावाच्या नावाने ओळखत.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पहिल्या बाळंतपणाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच आत्याआजीला फोन केला. थोरले आजोबा आजोळीच जन्मले, आणि त्यांना आणायला बैलगाडी पुरी जात नव्हती, पुढे डोंगर चालून जावं लागलं, असं पणजी सांगायची म्हणे. हे आत्याआजीने आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. थोरल्या आजोबांची शाळा अजून चालू आहे, तेव्हा उताऱ्याचा अर्ज याच आठवड्यात देते. मुंबईच्या मंडळांकडेही भावांच्या नावांनी विचारणा सुरू करते.

एक शंका राहिली. नमुना १४ मोडी लिपीत असेल तर वाचणार कोण? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचक नेमले होते, त्यांच्यापैकी कोणी खासगी वाचनही करून देतं का? वाई-सातारा भागातलं कोणी ओळखीचं असेल तर कृपया व्यनि करा.