मदत हवी: गाय लाळ गाळतेय, शेळ्यांना लागेल का?

मोहोळकर_शेती: कालपासून गाय लाळ गाळतेय, वैरणीला तोंड लावत नाही. शेळ्या त्याच गोठ्यात आहेत. त्यांना लागेल का? लवकर सांगा.

सीनाकाठ: ताप आहे का? तोंडात, खुरांच्या बेचक्यात फोड? लस कधी टोचली?

डाळिंबवाला: लम्पी असणार. हळद-कडुलिंबाचा लेप लावा, आमच्याकडं गुण आला.

खिल्लारप्रेमी: लम्पीत अंगावर गाठी येतात, त्या आहेत असं ते कुठं म्हणाले? लम्पी गाई-म्हशींचा रोग. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड तो पसरवतात. शेळ्यांना होत नाही.

डाळिंबवाला: मग 2022 ला गाईंना शेळ्यांच्या देवीची लस का टोचली?

खिल्लारप्रेमी: दोन्ही विषाणू एकाच कुळीतले, म्हणून ती लस लागू पडते. रोग वेगवेगळे आहेत, दादा.

मोहोळकर_शेती: गाठी नाहीत. जिभेवर फोड आहेत, लंगडतेय. लस गेल्या दिवाळीआधीची.

सीनाकाठ: लाळ्या खुरकूत वाटतोय. लस दर सहा महिन्यांनी लागते. दुभंगलेल्या खुराच्या सगळ्यांना होतो: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर. नवीन जनावर आणलं का? लागण झाल्यावर लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस जातात.

मोहोळकर_शेती: काहीच आणलं नाही. गेल्या आठवड्यात रानात मेंढरं बसवली होती खताला, तेवढंच. त्यातली दोन-तीन लंगडत होती, काटा मोडला असेल म्हणाले.

सीनाकाठ: हे आधी सांगायचं ना भाऊ! मेंढ्या-शेळ्यांत फोड बारीक, नजरेत येत नाहीत. नुसतं लंगडणं दिसतं आणि रोग पुढं जातो. तुमच्या शेळ्यांची तोंडं आत्ता उघडून बघा.

बार्शीची_ताई: मेंढरांवरच खापर नको. दूध गोळा करणाऱ्याच्या चपला, किटल्या, वैरणीची गाडी यांतूनही येतो. घोडं असेल तर काळजी नको, घोड्याला होत नाही.

मंगळवेढा_ज्वारी: मेंढरं बसवायला रात्रीचे किती घेतात सध्या?

सीनाकाठ: तो वेगळा धागा काढा. मोहोळकर, 1962 या जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या नंबरला फोन लावा. गाईची दावण, पाण्याची बादली वेगळी करा. धुण्याच्या सोड्याच्या 4 टक्के पाण्यानं गोठा धुवा. शेळ्यांची धार आधी, गाईची शेवटी. शेळ्या चरायला सोडू नका, नाहीतर गावभर जाईल. आणि वासरू असेल तर आईपासून तोडा. दुधातून विषाणू जातो, लहान वासरांच्या हृदयावर बसतो.

मोहोळकर_शेती: फोन लागला, गाडी येतेय. एका शेळीच्या हिरडीवर पांढरं दिसतंय. वासरू सकाळीच प्यालंय, आता तोडलं. त्याला पाजू काय?

बार्शीची_ताई: दुसरीकडच्या निरोगी गाईचं दूध, उकळून कोमट करून. पण आणायला घरातलं दुसरं माणूस पाठवा, तुम्ही त्या गोठ्यात जाऊ नका.