बिएल्साने गोल परत दिला, ते बरोबर होतं का? खिलाडूवृत्ती विरुद्ध चालूगिरी

लेफ्टबॅक

रविवारी मुलासोबत जुने सामने बघत बसलो होतो. त्यात २८ एप्रिल २०१९चा लीड्स युनायटेड विरुद्ध ॲस्टन व्हिला लागला. लीग चॅम्पियनशिप, म्हणजे इंग्लंडमधली प्रीमियर लीगच्या खालची पायरी. वर चढलं तर क्लबचं नशीब पालटतं, नाहीतर पुन्हा ४६ सामने घासायचे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: ७२वं मिनिट, ०-०. व्हिलाचा कोडजिया मैदानात पडलेला. कुणाला लागलं तर बॉल मुद्दाम बाहेर मारून खेळ थांबवायचा, आणि नंतर समोरच्यांनी तो परत द्यायचा, अशी प्रथा आहे. लीड्सचा टायलर रॉबर्ट्स डाव्या कडेला बॉल घेऊन थबकला, बाहेर मारणार असं वाटलं. व्हिलाचे लोक थांबले. आणि त्याने बॉल रेषेलगत पुढे सोडला, लीड्सच्याच क्लिचने आत शिरून गोल केला. मग धक्काबुक्की, कॉलर धरणं, सगळं झालं. तेवढ्यात लीड्सचा कोच मार्सेलो बिएल्सा कडेवरून ओरडायला लागला, त्यांना गोल करू द्या. पुन्हा खेळ सुरू झाल्यावर व्हिलाचा अल्बर्ट अडोमा बॉल घेऊन निघाला. लीड्सचे खेळाडू उभे. त्यांच्यातला एकटा पोन्टस यान्सन मागे धावला आणि त्याला अडवायला गेला. अडोमा त्यातूनही निसटला. १-१. सामना तसाच संपला आणि थेट बढतीच्या शर्यतीत लीड्सच्या पुढे असलेल्या शेफील्ड युनायटेडची बढती त्याच दिवशी पक्की झाली.

मुलाने विचारलं, "बाबा, शिट्टी वाजली नव्हती, मग परत का दिला?" मी म्हणालो, समोरच्याला थांबायला लावून मारलेला गोल म्हणजे रडीचा डाव. बिएल्साने केलं ते शंभर टक्के योग्य होतं असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा.

आकडेमोड

पूर्ण असहमत.

नियम स्पष्ट आहे. खेळाडूला गंभीर दुखापत झाली आहे असं रेफ्रीला वाटलं तरच तो खेळ थांबवतो. ते ठरवणं ना रॉबर्ट्सचं काम, ना व्हिलाचं. बॉल बाहेर मारायची ही प्रथा खालच्या लीगमध्ये कोण वापरतं ते बघा: १-०ने पुढे असलेला संघ, ८५व्या मिनिटाला, मांडी धरून. प्रामाणिकपणाच्या नावाने चाललेली ही सगळ्यात मोठी लबाडी आहे. शिट्टीपर्यंत खेळायचं, एवढं पोरांना शिकवा.

दुसरं म्हणजे, त्या गोलाची किंमत तेव्हा किती होती? शेफील्डने आदल्या दिवशी इप्सविचला हरवलं होतं आणि गोलफरकातही ते खूप पुढे होते. लीड्सने तो सामना जिंकला असता तरी थेट बढतीची आशा नावापुरतीच उरली असती. हातातून निसटलेली वस्तू दान करणं सोपं असतं.

आणि हाच बिएल्सा जानेवारीत डर्बी काउंटीच्या सरावावर कुंपणाबाहेरून नजर ठेवायला माणूस पाठवत होता. त्याला साधुपुरुष करू नका.

लेफ्टबॅक

साधुपुरुष मी म्हटलेलं नाही. पण ते प्रकरण पूर्ण सांगा. माणूस पकडला गेल्यावर बिएल्साने पत्रकारांना बोलावलं आणि सांगितलं की त्या मोसमात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या सरावावर मी माणूस पाठवला आहे. कुणी तेवढं विचारलंही नव्हतं. क्लबला २ लाख पौंड दंड झाला, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरला. सामन्याआधीच्या ७२ तासांत दुसऱ्याचा सराव बघायचा नाही हा नियम लीगने त्यानंतर केला. चोरून बघणं मला पटत नाही. पण केलेलं तोंडाने कबूल करणाऱ्या माणसाला आणि पडल्याचं नाटक करणाऱ्याला एका माळेत ओवू नका.

तालमीतला

कोल्हापूरकर. शाहू स्टेडियमवर लीग खेळलोय, त्यामुळं ह्यावर बोलायचा थोडा हक्क आहे.

एका सामन्यात आम्ही एका गोलनं पुढं. गॅलरी भरलेली, पेठेतली सगळी आलेली. शेवटची दहा मिनिटं, आणि कडेवरून कोचचा आवाज, "पड!" मी पडलो. काही झालेलं नव्हतं. समोरच्यांनी बॉल बाहेर मारला. मी पोटरी धरून लोळतोय, आमच्यातलाच एक येऊन पाय ताणतोय आणि हळूच म्हणतोय, "अजून एक मिनिट काढ." उठलो तेव्हा समोरचा हाफबॅक माझ्याकडं नुसता बघत होता, शिवी पण दिली न्हाई. जिंकलो. रात्री मिरवणुकीत कुणी त्याचा विषय काढला न्हाई.

पुढच्या मोसमात त्याच टीमबरोबर खेळताना आमच्या पोराचा गुडघा खरंच फिरला. तो जमिनीवर हात आपटतोय आणि ती पळतच राहिली. रेफ्रीनं पण लगेच शिट्टी वाजवली न्हाई, त्याला वाटलं ह्यांचं नेहमीचंच. बॉल बाहेर गेला तेव्हा आम्ही धावलो. गुडघ्यावर बर्फ धरायचं काम माझ्याकडं होतं. आकडेमोड, भावा, तू म्हणतोस प्रथा लबाड आहे. प्रथा लबाड न्हाई, मी लबाड होतो.

शनिवारचा रेफ्री

तालमीतला, असं लिहायला धीर लागतो.

पण त्या लीड्सच्या सामन्यातली एक गोष्ट दोघांनीही सोडली आहे. त्याच धक्काबुक्कीत व्हिलाच्या अन्वर एल गाझीला लाल कार्ड मिळालं, कारण लीड्सचा बॅमफर्ड तोंड धरून कोसळला. कोपर त्याच्या तोंडाला लागलंच नव्हतं. कार्ड नंतर रद्द झालं आणि बॅमफर्डला रेफ्रीची फसवणूक केली म्हणून दोन सामन्यांची बंदी. म्हणजे गोल परत मिळाला, पण उरलेला सामना व्हिलाला दहा जणांनीच खेळावा लागला. रेफ्रीपाशी जाऊन "साहेब, मला लागलेलं नाही" असं त्याने सांगितलं असतं तर? माझ्या दृष्टीने खरा प्रामाणिकपणा तिथे हवा होता. त्याच सप्टेंबरमध्ये बिएल्सा आणि लीड्सला फिफाचं फेअर प्ले पारितोषिक मिळालं, तेव्हा मला एल गाझीच आठवला.

मी गावपातळीवरचे सामने सांभाळतो. तिथे फेरतपासणी नसते, कॅमेरा नसतो, दोन डोळे आणि एक शिट्टी. खेळाडूंच्या मनावर विसंबून भागत नाही, नियमच घट्ट हवेत. २०१९पासून ड्रॉप बॉल, म्हणजे थांबलेला खेळ रेफ्री बॉल टाकून सुरू करतो तो, शेवटी ज्याच्याकडे बॉल होता त्यालाच मिळतो, त्यामुळे रेफ्रीने खेळ थांबवला तर "परत दे, नाही देत" ही भानगड मिटली. गोलकीपरने बॉल ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर आता कॉर्नर जातो. असेच नियम करत गेलं पाहिजे.

लेफ्टबॅक

बॅमफर्डचा मुद्दा मान्य. ते मी लिहायलाच हवं होतं.

पण सगळं नियमात कसं बसवणार? ऑगस्ट २०१५मध्ये लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, डॉन्कास्टरचा हॅरी फॉरेस्टर बरी संघाला बॉल परत द्यायला गेला आणि तो थेट जाळ्यात गेला. नियमाने गोल. डॉन्कास्टरने बरीला मोकळा गोल करू दिला, सामना १-१. कुठला नियम सांगतो हे करा म्हणून?

आकडेमोड

डॉन्कास्टरचं मला मान्य आहे, तो अपघात होता. २००७मध्ये लीग कपमध्ये लेस्टरने नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या गोलकीपरला सुरुवातीलाच मोकळा गोल करू दिला, तेही मान्य. तो सामना पुन्हा खेळवला होता; पहिला सामना लेस्टरच्या क्लाइव्ह क्लार्कचं हृदय बंद पडल्यामुळे मध्येच थांबवला होता आणि तेव्हा फॉरेस्ट १-०ने पुढे होतं. ती आघाडी त्यांची त्यांना मिळाली.

माझा आक्षेप एका माणसाने दहा जणांची कमाई वाटून टाकण्याला आहे. लीड्स तिसरे आले आणि प्लेऑफच्या, म्हणजे उरलेल्या एका बढतीसाठीच्या सामन्यांच्या, उपांत्य फेरीत हरले, तेही डर्बीकडून. अंतिम सामना जिंकून वर गेलं कोण? व्हिला. यान्सन धावला तो मला त्या मैदानावरचा सर्वांत खरा माणूस वाटतो. तो कुणाला फसवत नव्हता, फक्त गोल वाचवत होता.

शनिवारचा रेफ्री

तालमीतला, एक विचारतो. त्यानंतर तुमच्या कोचमध्ये काही फरक पडला का?

तालमीतला

न्हाई. अजून "पड" म्हणून ओरडतात, ऐकू येतं.

मी आता चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. आकडेमोड म्हणतो तसंच सांगतो, शिट्टीपर्यंत खेळा. पण बॉल बाहेर मारायचा आव आणून पुढं खेळलेलं दिसलं, किंवा कुणी खोटं लोळलं, तर पुढचा सामना बाहेर बसायचं. यंदा दोघांना बसवलं. एकाचे वडील अजून माझ्याशी बोलत न्हाईत. पोरगं मात्र रोज सरावाला येतंय, सहाच्या आधी.