क्लीनर रॅस की नकली? फोटोवरून कसं ओळखायचं

रीफकाठ: अंदमानचे दोन फोटो आहेत, खोली साधारण 8 मीटर. दोन्ही मासे बोटाएवढे, निळसर-पांढरे, तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, मागे रुंद होत गेलेला. एक क्लीनर रॅस (लॅब्रॉइडिस डिमिडिएटस, इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा), दुसरा त्याची नक्कल करणारा ब्लेनी असावा असं वाटतं. फरक कुठे बघू? आणि घरच्या समुद्री टाकीत हा रॅस सोडला तर माशांवरचे पांढरे ठिपके जातात का?

कल्ला_पर: रंग बघूच नका, तिथेच फसगत होते. तोंड बघा. रॅसचं तोंड थुतरीच्या अगदी टोकाला असतं. ब्लेनीचं (ॲस्पिडोंटस टीनिएटस) खाली, थुतरीच्या मागे. ब्लेनीच्या पाठीवरचा पर डोक्यामागूनच सुरू होतो. मासा बिळात शेपूट आत, डोकं बाहेर असा बसला असेल तर प्रश्नच मिटला, ब्लेनीच.
बाकी हा ब्लेनी रॅस असल्याचं भासवून इतर माशांचे लचके तोडतो, याची चर्चा जरा जास्तच होते. परांचे चावे मुख्यतः लहान ब्लेनी घेतात. मोठे जास्त करून नळीकृमींचे तुरे आणि इतर माशांची अंडी खातात.

खारंपाणी: रॅसचं पिल्लू मात्र वेगळं दिसतं: काळं अंग, पाठीवर झळझळीत निळी रेघ.
रॅसचा ठिय्या ठरलेला असतो. हेकरू, पोपटमासे तिथे येऊन तोंड आणि कल्ले उघडून थांबतात. ग्रेट बॅरियर रीफवरच्या अभ्यासात एक रॅस दिवसाला सुमारे 1,200 परजीवी खातो असं दिसलं, त्यात बहुतेक नॅथिइड (माशांचं रक्त पिणारे बारीक कवचधारी जीव). पण त्याची खरी आवड गिऱ्हाइकाच्या अंगावरचा चिकटा! तो ओरबाडला की गिऱ्हाईक दचकतं, कधी पाठलाग करतं, नाहीतर सरळ दुसरीकडे जातं.
एका नराकडे माद्यांचा जथा असतो. नर गेला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत पूर्ण नर होते.

टाकीवाला_कोकण: ठिपक्यांसाठी आणू नका. ते ठिपके आणणारा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, कातडीच्या आत रुतलेला असतो, रॅस तो काढू शकत नाही. आजारी मासे वेगळ्या टाकीत घेऊन तांब्याचं औषध द्या, पातळी रोज टेस्ट किटने मोजा. मुख्य टाकीत तांबं गेलं तर कोळंबी आणि प्रवाळ मरतील. ती टाकी किमान 6 आठवडे माशांविना ठेवा, 11 ठेवलीत तर उत्तम.
रॅस टाकीत सहसा उपाशी मरतो. मोजके मासे, त्यांच्यावर परजीवी नाहीत, सुकं खाणं तो तोंडात धरत नाही. मग भुकेने इतरांचा चिकटा ओरबाडत सुटतो आणि ते मासे दगडामागे दडून बसतात. आधीच घेतला असेल तर बारीक चिरलेली कोळंबी किंवा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून 3-4 वेळा द्या. दुकानात समोर खाताना दिसला नाही तर घेऊच नका. सफाई करणाराच हवा असेल तर टाकीत पैदास झालेला निऑन गोबी घ्या, तो सुकं खाणंही खातो.

रीफकाठ: दुसऱ्या फोटोत तोंड खालीच आहे, म्हणजे ब्लेनी. निऑन गोबीबरोबर क्लीनर कोळंबी चालेल?

टाकीवाला_कोकण: चालेल. फक्त टाकीत हॉकफिश नको, कोळंबी संपवेल.