वडिलांना गावी न्यायचं की मुंबईतच?

दादा, वडिलांचा अंत्यविधी गावी करायचा की मुंबईतच, असं तुम्ही विचारलंत. रुग्णवाहिकेचं भाडं अन् गावचा मंडप, हा खर्च ऐकून तुम्ही गोंधळलात ते समजतं. आमचे आप्पा मुंबईतच गेले. अंत्यविधी तिथेच, महापालिकेच्या विद्युतदाहिनीत केला. खर्च अगदी थोडा आला. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला आधी हातात घ्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. मग मिळणाऱ्या मृत्यू प्रमाणपत्राच्या प्रती जास्त काढा, बँकेत लागतात.

अस्थी आम्ही गावी आणल्या, जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर सोडल्या. गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीला, सगळे भाऊबंद आले. "त्यांना गावची माती नाही मिळाली," म्हणून आई आधी फार रडली होती. संगमावर तीच सर्वांच्या पुढे पाण्यात उतरली. कर्ज काढू नका, पण तुमच्या आईला आजच विचारा.