जनरेटरची ट्रॉली रोज ओढायची आहे, पिकअप कुठला घ्यावा?

मंडपवाली_भांडुप

नमस्कार मंडळी. आमचं भांडुपला मंडप-डेकोरेशन आणि लाइटिंगचं काम आहे. बाबांनी उभं केलं, आता गाड्या आणि पोरं मी सांभाळते. दोन जनरेटर आहेत, दोन्ही ट्रॉलीवर. लहान ६२.५ केव्हीएचा, ट्रॉली दोन चाकी. डिझेल भरून काट्यावर १ टन ५५० किलो भरला. मोठा १२५ केव्हीएचा, ट्रॉली चार चाकी, पुढची चाकं दांड्याबरोबर वळतात. तो २ टन ७०० किलो. ब्रेक दोघांनाही नाही.

आजपर्यंत ओळखीचा पिकअपवाला ओढून न्यायचा. पण गणपती ते दिवाळी त्याचा फोन लागत नाही आणि लग्नसराईत तो मागेल तो भाव द्यावा लागतो. त्यामुळे स्वतःची गाडी घ्यायची ठरवली आहे. फेऱ्या मीरा रोड, मढचे शूटिंगचे बंगले, कर्जतची फार्महाऊस, अधूनमधून लोणावळा. सोबत चार पोरं आणि तांब्याच्या केबलची भेंडोळी असतात, म्हणून डबल केबिन बरं वाटतं.

मनात आहेत इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. बाबा म्हणतात बोलेरो पिकअप घे आणि गप्प बस. टेक्सासचा मामेभाऊ म्हणतो फोर्ड एफ-२५० शिवाय ओढायची भाषा करू नकोस. त्याला आमची गल्ली दाखवायला हवी.

शोरूममध्ये "किती ओढेल?" विचारलं तर एकाने "काहीही ओढेल मॅडम" सांगितलं, दुसऱ्याने सीटचं लेदर दाखवलं. ज्यांनी खरोखर वजन ओढलंय त्यांनी सांगा.

घोडबंदरचा_राजा

बाबांचं ऐका. बोलेरोचा पार्ट कुठल्याही नाक्यावर मिळतो, मिस्त्री झोपेतून उठून दुरुस्त करतो. ३० लाखांची गाडी मंडपाच्या बांबूंनी ओरखडून घ्यायची हौस असेल तर वेगळी गोष्ट.

मस्कत_ते_कळवा

ताई, माझी उमेदीची वर्षं ओमानमध्ये ओढण्यातच गेली. बोटी, पाण्याच्या टाक्या, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचे जनरेटर. आता कळव्याला छोटं गॅरेज आहे. तुमच्या प्रश्नातला महत्त्वाचा भाग गाड्यांच्या नावात नाही, "ब्रेक दोघांनाही नाही" या वाक्यात आहे.

ताकदीचं आधी उरकतो. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं इंजिन १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटर देतं. हायलक्सचं २.८ लिटर २०४ पीएस. टॉर्क मॅन्युअलला ४२०, ऑटोमॅटिकला ५००. पावणेतीन टन हलवायला दोन्ही पुरून उरतात. बोलेरोसुद्धा हलवेल, चढावर रडत हलवेल एवढंच.

पण ब्रिटनमध्ये हीच १.९ ची डी-मॅक्स (व्ही-क्रॉसचं तिथलं नाव) साडेतीन टन ओढायला पास आहे, ते ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर. ट्रेलर बिनब्रेकाचा असेल तर तिथे तिच्या नावावर लिहिलेला आकडा आहे ७५० किलो. गाडी तीच, इंजिन तेच. तुमचा लहान जनरेटरच त्याच्या दुप्पट आहे. म्हणजे तुम्ही ४० लाखांची गाडी आणली तरी मागचं धूड तिला ढकलतच राहणार. घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर पुढे कंटेनर अचानक थांबला की काय होतं ते सांगायला नको.

म्हणून पहिला खर्च ट्रॉलीवर करा. लहान ट्रॉलीला ओव्हररन ब्रेकचा आस, म्हणजे ॲक्सल, बसवून घ्या. यात दांडा सरकता असतो. गाडीने वेग कमी केला की ट्रॉली पुढे रेटते, दांडा आत सरकतो, त्याच रेट्याने तिचे ब्रेक लागतात. वायर नाही, हवेची टाकी नाही. एक खोड आहे: रिव्हर्स घेतानाही दांडा आत जातो आणि चाकं जाम होतात. त्यासाठी खटका असतो किंवा आसातच सोय असते, घेताना विचारा. लांब घाटात मात्र या ब्रेकवर भरवसा ठेवून उतरायचं नाही. उतारभर ट्रॉली रेटत राहते, ब्रेक तापतात. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच्याही खालचा टाकून उतरा. ओमानला जबल अख्दरच्या रस्त्यावर फोर-व्हील-ड्राइव्ह नसेल तर पोलीस वर सोडतच नाहीत. नव्या माणसाला वाटतं चढासाठी. उतरताना लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या सगळ्यात खालच्या गिअरांत, इंजिन गाडीला धरून ठेवतं, खरा उपयोग तो.

दुसरं, हुकवरचं वजन. दोन चाकी ट्रॉलीचं साधारण दहा टक्के वजन हुकवर आलं पाहिजे, म्हणजे तुमच्या लहान जनरेटरचं १५० किलो. कमी आलं तर ट्रॉली वेगात शेपटी हलवायला लागते, आणि एकदा हलायला लागली की ब्रेक मारणारा माणूस गेला. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. आस किंचित मागे घेऊन किंवा जनरेटर पुढे सरकवून हे वजन जुळवता येतं. दांड्याच्या टोकाखाली काटा ठेवून एकदा मोजा.

आता हे वजन गाडीच्या खात्यात धरा. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे असतात. समजा फरक ७०० किलो आहे. ड्रायव्हर धरून पाच माणसं म्हणजे ३५० गेले. हुकवर १५० गेले. उरले २००. तुमची केबल किती? तांबं आहे ते, चार भेंडोळ्यांतच २०० पार होतील. वर ट्रसचे सांगाडे, पार दिवे, हॅलोजन टाकलेत की गाडी ओव्हरलोड, आणि जनरेटर तर अजून मागेच आहे. डबल केबिनच्या देखण्या गाड्या इथे मार खातात.

मोठ्याची गोष्टच वेगळी. चार चाकी वळत्या आसाची ट्रॉली हुकवर वजन टाकत नाही, पण ती कारखान्याच्या आवारातून हलवायची वस्तू आहे. पाटे कडक, चाकं छोटी, आणि रिव्हर्स घेताना दोन ठिकाणी वळते. मढच्या बंगल्याच्या गेटमधून ती मागे घ्यायला लागली की पोरं शेवटी हातानेच ढकलत असणार, खरं ना? ती घेऊन लोणावळ्याला जाऊ नका. १२५ केव्हीए ट्रॉलीवरून उतरवून जुन्या टाटा ४०७ किंवा तशा लहान ट्रकच्या चेसिसवर कायमचा बसवा. सिनेमावाले जनरेटर व्हॅन वापरतात ते उगाच नाही.

लहान जनरेटर, ब्रेकचा आस आणि पोरं एवढंच उरलं, तर मी व्ही-क्रॉस फोर-बाय-फोर घेईन. हायलक्स जास्त तगडी आहे हे मी ओमानमध्ये पाहिलंय, पण तुमच्या कामाला तेवढ्या जादा पैशांची गरज नाही. ते पैसे मोठ्याच्या ट्रकला लावा.

मुलुंडकर_सध्या_फीनिक्स

मामेभावाच्या वतीने दोन शब्द. एफ-२५० भारतात विकतच नाहीत, त्यामुळे तो विषय मिटला. पण इथे अमेरिकेत ओढायचे आकडे कुठून येतात ते ऐका. गाडी किती ओढेल हे ठरवायचं जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यातली एक चाचणी आमच्या ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर ठरलेली आहे: सुमारे १८ किलोमीटरचा वाळवंटातला चढ, भर उन्हाळा, एसी फुल, मागे पूर्ण वजन. पिकअपने ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जायचं नाही. शिवाय ब्रेकच्या आणि डुलण्याच्या चाचण्या वेगळ्या. शोरूमच्या "काहीही ओढेल"मागे यातलं काहीच नसतं. गाडीच्या पुस्तिकेत ओढायचा आकडा छापलेला नसेल तर कंपनीकडून लेखी मागा.

कागदवाला

काकांनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. कलम ६१ प्रमाणे ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूला, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रॉलीवर दिसला पाहिजे. जनरेटरच्या निम्म्या ट्रॉल्या वेल्डिंगवाल्याकडून थेट रस्त्यावर आलेल्या असतात. धडक झाली की विमावाला पहिलं हेच उकरतो. ब्रेकचा आस लावायच्या आधी आरटीओत विचारून घ्या, नंतर नको.

पोरांच्या लायसन्सची धास्ती नको. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. आणि गाडीची पाटी पांढरी असो वा पिवळी, मागे ट्रॉली घेऊन कोस्टल रोडकडे वळू नका.

मंडपवाली_भांडुप

काका, गेटमधून पोरंच ढकलतात, हे तुम्हाला कसं कळलं! मोठा जनरेटर ट्रकवर चढवायचं बाबांना लगेच पटलं, ४०७ म्हटल्यावर चेहराच खुलला. आता मलाच ऐकवतात, मी काय म्हणत होतो. बोलेरो म्हणत होतात, बाबा.

दोन शंका. हुक बाहेरून बसवायचा तर आमचा नेहमीचा फॅब्रिकेटर म्हणतो बंपरच्या अँगललाच मारून देतो, दीड तासात. चालेल? आणि लहान ट्रॉलीला सध्या साधी पिन आहे, बॉल लावायचा का?

मस्कत_ते_कळवा

बंपरला मुळीच नाही. हुकची पट्टी दोन्ही बाजूंच्या चेसिसच्या पट्ट्यांना बोल्टने, आणि चेसिसला वेल्डिंग करू देऊ नका, तिथूनच तडा जातो. नुसत्या पिनेत खेळ राहतो, प्रत्येक खड्ड्यात धडधड बसते. ५० मिलिमीटरचा बॉल लावा, त्याचा कपलर साडेतीन टनांचा शिक्का बघूनच घ्या. सोबत दोन साखळ्या, दांड्याखालून एकमेकींना ओलांडून. दांडा निसटला तर रस्त्यावर न आपटता साखळीवर पडतो. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांची वायर सात पिनी सॉकेटवर घ्या, टेप गुंडाळून नको, पावसाळ्यात पहिली तीच मरते.

दीड तासात करून देतो म्हणणाऱ्याला बोल्टचा ग्रेड, म्हणजे मजबुतीचा आकडा, विचारा. ८.८ म्हणाला तर काम द्या.